सातारचे एक हस्तलिखित-वाचन केंद्र : शंका उत्तम, दुरुस्त्या मध्यम

साताऱ्यात राजपथाला लागून असलेल्या एका बोळात, जुन्या वाड्याच्या माडीवर, गेली काही वर्षे हस्तलिखिते वाचून देण्याचे काम चालते. दाराला पाटी नाही, जाहिरात नाही. चालवणाऱ्या दोघांनी नाव छापू नये अशी विनंती केल्यामुळे या परीक्षणातही ते येणार नाही. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना गावातल्या पुस्तकविक्रेत्यांकडे चौकशी केली की पत्ता मिळतो. दोघांपैकी एक मराठीच्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे बाई म्हणतात. दुसरे काका. त्यांची उमेदीची वर्षे छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली आणि पुढे त्यांनी संगणकावरची अक्षरजुळणी शिकून घेतली. बाई मजकूर वाचतात, काका फाइल सांभाळतात. आलेल्या लेखकाला चहा कोणी करायचा हे मात्र ठरलेले नसल्यामुळे तो बहुधा दोनदा मिळतो.

मी त्यांच्याकडे दिलेले हस्तलिखित १९४२ ते १९४६ या काळातील जुन्या सातारा जिल्ह्याच्या आंदोलनाविषयीचे आहे. त्यात कागदपत्रे आहेत, आणि त्यांच्याहून अधिक प्रमाणात, त्या काळातील माणसांच्या मुलानातवंडांकडून ऐकलेल्या हकिकती आहेत. असे लेखन तपासणाऱ्याला अवघड जाते, कारण त्यात एकाच पानावर तीन प्रकारची मराठी नांदते : लेखकाची आजची, पत्रकांमधली, १९६२ च्या लेखननियमांपूर्वीची आणि बोलणाऱ्याची वाळवा-तासगाव भागातली. पुढील अभिप्राय अशा हस्तलिखिताच्या अनुभवावर आधारलेला आहे. सरळ कथासंग्रह किंवा प्रवासवर्णन घेऊन जाणाऱ्याला कदाचित निराळा अनुभव येईल.

केंद्रात तीन प्रकारची कामे घेतली जातात. निव्वळ मुद्रितशोधन, वाक्यरचनेत हात घालणारे भाषासंस्करण, आणि ज्याला ते संहितावाचन म्हणतात ते. या तिसऱ्या प्रकारात बाई दुरुस्त्या जवळजवळ करतच नाहीत. त्या समासात पेन्सिलीने क्रमांक टाकतात आणि प्रत्येक क्रमांकासमोर एक शंका, वेगळ्या फुलस्केप कागदावर, शाळेच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात लिहून देतात. मी तिसरा आणि पहिला असे दोन्ही प्रकार घेतले. त्यांतील तिसऱ्यासाठी मी कोणालाही साताऱ्याची वाट दाखवीन. पहिल्याविषयी माझे मत इतके उत्साहाचे नाही.

शंकांबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण या सेवेचे मोल त्यांतच आहे. माझ्या एका प्रकरणात कुंडल गावच्या एका हकिकतीत सांगणारा म्हणतो की सरकारची माणसे रात्री येऊन गेली. बाईंची शंका एवढीच होती : ‘येथे सरकार म्हणजे कोणते? इंग्रजांचे, औंधचे, की पत्री?’ कुंडल त्या काळी औंध संस्थानात मोडत असे. भोवतीचा बराच मुलूख थेट इंग्रजी अमलाखाली होता, आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारही, म्हणजेच लोकांच्या तोंडचे पत्री सरकार, गावोगाव न्यायनिवाडे करीत होते. ‘सरकार’ या एका शब्दाआड तेव्हा तीन निरनिराळ्या सत्ता उभ्या असत, आणि वाचकाला त्या वेगळ्या दिसल्या नाहीत तर प्रकरणाचा सगळा ताण नाहीसा होतो. ही शंका व्याकरणाची नाही, शैलीचीही नाही. तिच्यामुळे मला त्या कुटुंबाकडे पुन्हा जाऊन विचारावे लागले, आणि मिळालेल्या उत्तराने पुढच्या चार पानांची मांडणी बदलली.

दुसऱ्या एका ठिकाणी, जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी लुटली गेली त्या प्रसंगात, डब्यांच्या रुंदीचे वर्णन आले होते. काकांनी तेथे, बाईंच्या शंकेखाली, स्वतःची एक ओळ जोडली होती : पुणे-मिरज मार्ग तेव्हा मीटरगेज, म्हणजे आजच्याहून अरुंद रुळांचा होता, तो मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा होता, तरी डबा लेखकाने कोठल्या गाडीवरून डोळ्यांपुढे आणला आहे? अशा नोंदी वाचताना राग येत नाही, कारण त्यांत शिकवण्याचा आव नसतो. लेखकाला जे माहीत असेल ते त्याने ठामपणे लिहावे आणि माहीत नसेल तेथे वाक्य सैल सोडावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

स्थळनामांविषयीही त्यांची दक्षता विशेष आहे. १९४२ च्या सप्टेंबरातील घटना ‘सांगली जिल्ह्यात’ घडल्या असे सर्रास लिहिले जाते. वास्तविक १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. इस्लामपूरचे नाव अलीकडे ईश्वरपूर झाले आहे, पण १० सप्टेंबर १९४२ च्या मोर्चाचे वर्णन करताना कोणते नाव वापरायचे, हे लेखकाने एकदा ठरवून पुस्तकभर पाळले पाहिजे. कराड की कऱ्हाड, पोवई नाका की पवई नाका, सातारचा की साताऱ्याचा, अशा सर्व निर्णयांची एक शब्दसूची ते पुस्तकाबरोबर तयार करून देतात. दोन पानांचा हा कागद प्रकाशकाकडे हस्तलिखितासोबत पाठवला तर पुढच्या टप्प्यावरचे निम्मे वाद होतच नाहीत. सूचीत प्रत्येक शब्दापुढे कारण दिलेले असते, ही गोष्ट मला फार आवडली. कारण दिलेले असले की असहमत होणेही सोपे जाते, आणि मी दोन-तीन ठिकाणी तसा झालोही.

महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी माडीवर बैठक भरते. ती या सेवेचाच भाग आहे, तिचे वेगळे पैसे नाहीत, आणि ज्याचे हस्तलिखित केंद्रात आहे किंवा कधी होते त्याला तेथे बसता येते. जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्यात ९९ वे साहित्य संमेलन भरले, त्याच्या आगेमागे गावातल्या कपाटांमधून बरीच बाडे बाहेर निघाली असावीत, कारण अलीकडे या बैठकीला सतरंजी अपुरी पडते. अशा ठिकाणी सहसा कविता वाचल्या जातात आणि वाहवा होते. येथे कोणी काही वाचून दाखवत नाही. बोलणे चालते ते शोधाशोधीचे, पुनर्लेखनाचे आणि कुरकुरींचे.

कोयनेच्या विस्थापितांवर कादंबरी लिहिणाऱ्या एका तरुण लेखिकेने एका बैठकीत विचारले की ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा बाहेर चांदणे होते की अंधार. तिने अंधार लिहिला होता आणि तिच्या प्रकाशकाकडील वाचकाने, शुक्ल पक्ष होता तर चांदणे हवे, असा शेरा मारला होता. पक्षाबद्दल तो शेरा बरोबर होता. परंतु भूकंप पहाटे सव्वाचारनंतरचा, आणि शुक्ल दशमीच्या सुमाराचा चंद्र मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात मावळतो, हे बैठकीतल्या एका शेतकरी लेखकाने पंचांग न उघडता सांगितले. नंतर पंचांग उघडून खात्री करण्यात आली. अंधार राहिला. एखादा तपशील खोडण्यापूर्वी तो दोन अंगांनी तपासावा लागतो, हे त्या संध्याकाळी जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही कार्यशाळेत झाले नसते.

संदर्भग्रंथांविषयीची चर्चाही येथे व्यवहारी असते. सातारा जिल्ह्यात राहून वाईच्या मराठी विश्वकोशाचा अभिमान सगळ्यांनाच आहे, पण त्याचा उपयोग कसा करावा हे फार थोडे जण सांगतात. विश्वकोश अकारविल्हे निघाला. पहिला खंड १९७६ चा आणि विसावा त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी पूर्ण झालेला. त्यामुळे ‘अ’ने सुरू होणाऱ्या गावाची लोकसंख्या आणि ‘स’ने सुरू होणाऱ्या गावाची लोकसंख्या शेजारी ठेवून तुलना करणाऱ्या लेखकाने आधी त्या त्या खंडाचे साल पाहिले पाहिजे. बाई हे प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, आणि जुने लोक ते दर वेळी नव्याने ऐकल्यासारखे ऐकतात. १८८५ च्या सातारा गॅझेटिअरबद्दल त्यांचा सल्ला असा की रस्ते, घाट, पिके आणि बाजारांचे दिवस यांसाठी ते निःशंकपणे वापरावे, मात्र माणसांच्या जातींविषयी त्यात जे लिहिले आहे ते लिहिणाऱ्या साहेबाविषयीची माहिती म्हणून वाचावे.

जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. तेथे शब्द सापडत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना काका एकच प्रश्न विचारतात, अनुस्वार दिला होता का? त्या कोशांत ‘करणें’, ‘केळें’ अशी जुनी रूपे आहेत. आजच्या लेखनाप्रमाणे शोधले तर हाती काही लागत नाही, आणि लेखक समजतो की शब्दच नव्हता. ज्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या आठवणींचे हस्तलिखित सध्या केंद्रात आहे, त्यांना आपल्या वडिलांच्या तोंडचा एक शब्द या युक्तीने सापडला तेव्हा त्यांनी सगळ्यांसाठी मोती चौकातून कंदी पेढे आणवले.

कुरकुरींचा मोठा भाग मात्र संगणकाशी निगडित असतो, आणि येथे काकांचा अनुभव कामी येतो. युनिकोडपूर्व काळातील फाँटांमध्ये टंकलेले जुने लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, बदलून घेतले की ऱ्हस्व वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर आलेल्या जागी हमखास घोळ होतो, कारण त्या फाँटांमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने नव्हे तर दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असत. ‘मार्मिक’ मधली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. हे निदान डोळ्यांना दिसते. त्याहून त्रासदायक चुका न दिसणाऱ्या असतात. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन निरनिराळ्या प्रकारे टंकता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि शोधून बदलण्याची आज्ञा दिली की संगणक त्यांतले निम्मेच सापडवतो. ‘ॲ’चेही तसेच. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकण्याची सवय तर इतकी रुळली आहे की ‘दुःख’ हा शब्द ओळीच्या शेवटी मधोमध तुटून खालच्या ओळीत नुसता ‘ख’ उरलेली पुस्तके छापून बाजारात आहेत. काका प्रत्येक फाइल आधी या तीन-चार गोष्टींसाठी चाळून घेतात आणि मगच बाईंकडे मुद्रित देतात. हे काम ते दरात धरत नाहीत. धरायला हवे, असे माझे मत आहे; त्यामुळे निदान इतर लेखकांना त्याची किंमत कळेल.

आता उणिवा. पहिली आणि गंभीर उणीव बोलीच्या बाबतीतली आहे. बाईंनी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, आणि तो हात बोलीतील मजकूर समोर आला की स्वतःहून चालतो. माझ्या हकिकतींमधील एका वृद्ध बाईच्या ‘न्हाई’चे काही ठिकाणी ‘नाही’ झाले, ‘गेलतो’चे ‘गेलो होतो’ झाले, आणि काही ठिकाणी मूळ रूप तसेच राहिले. सगळे बदलले असते तर निदान मूळ प्रतीवरून परत आणता आले असते. अर्धवट बदलामुळे ती स्त्री कधी शेतात बोलते आहे आणि कधी शाळेत, असे वाटू लागले. हे निदर्शनास आणल्यावर बाईंनी ताबडतोब मान्य केले आणि पुन्हा वाचनाचे पैसे घेतले नाहीत, हे नोंदवणे आवश्यक आहे. तरीही ग्रामीण संवाद अधिक असलेली कादंबरी देणाऱ्याने आरंभीच लेखी सूचना द्यावी की अवतरणचिन्हांच्या आतील मजकुराला फक्त शंका विचाराव्यात, हात लावू नये.

जुन्या अवतरणांचा प्रश्न याला लागूनच आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ चे, त्यांत ४ नियमांची भर पडली ती १९७२ मध्ये. त्यापूर्वीचे पत्रक उद्धृत करताना ‘त्यांनीं’ आणि ‘गांवांत’ यांवरचे अनुस्वार ठेवायचे की काढायचे, याविषयी प्रकाशकांमध्ये एकवाक्यता नाही. एका प्रकाशनसंस्थेतील मुद्रितशोधकाने माझ्या आधीच्या लेखातील अवतरणे न विचारता आजच्या लेखनात आणली होती, आणि छापून आल्यावर ते पत्रक काल संध्याकाळी लिहिल्यासारखे दिसत होते. या केंद्रात तसे झाले नाही. बाईंनी अवतरणे जशीच्या तशी ठेवली, एवढेच नव्हे तर एका ठिकाणी माझ्याच टंकलेखनात गळलेला अनुस्वार मूळ छायाप्रतीवरून परत घातला. मग जी माणसे १९४३ च्या कागदाला इतके जपतात त्यांना बोलणाऱ्या माणसाचे ‘न्हाई’ का जपवत नाही, हे कोडे मला सुटलेले नाही. बैठकीत मी ते विचारले तेव्हा बाई हसल्या आणि काका म्हणाले, “कागदाला सही असते ना!” उत्तर चतुर आहे, पण पुरेसे नाही.

दुसरी उणीव कामाच्या पद्धतीची. दुरुस्त्या कागदावर होतात. ट्रॅक चेंजेस वापरून फाइलमध्येच खुणा करण्याची सोय असताना दोघेही छापील मुद्रितावरच वाचतात, आणि कागदावर वाचताना जे दिसते ते पडद्यावर दिसत नाही असा त्यांचा दावा आहे. संहितावाचनापुरता तो मला पटतो. मुद्रितशोधनात मात्र खुणा झालेले कागद हाती पडल्यावर त्या दुरुस्त्या फाइलमध्ये चढवण्याचे काम लेखकाकडे येते, आणि दुरुस्ती चढवताना नव्या चुका होतात हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे. काका जास्तीचे पैसे घेऊन करेक्शन चढवून देतात, परंतु मग दुसरे मुद्रित काढून पुन्हा ताडून पाहणे आले, आणि त्यात आणखी आठवडे जातात. पहिल्या प्रकारच्या सेवेविषयी माझा उत्साह कमी आहे तो या कारणाने. केवळ ऱ्हस्वदीर्घ आणि विरामचिन्हे तपासून हवी असतील, आणि प्रकाशकाकडे बरा मुद्रितशोधक असेल, तर ते काम तेथेच होऊ द्यावे.

वेळेबाबत दोघेही प्रामाणिक आहेत, म्हणजे ते सुरुवातीलाच मोठी मुदत सांगतात आणि ती पाळतात. घाईची कामे घेत नाहीत. श्रावणापासून दिवाळीपर्यंत दिवाळी अंकांचे मजकूर येत असल्याने त्या काळात पुस्तकाचे काम जवळजवळ थांबते.

दर फॉर्म्यावर आहे. सोळा पानांचा एक फॉर्मा असे धरले जात असले तरी पानात मजकूर किती मावेल हे आकारावर आणि टंकाच्या मापावर ठरते, म्हणून काका आधी शब्दसंख्या काढतात आणि त्यावरून फॉर्मे ठरवतात. हिशेब कागदावर मांडून दाखवतात, आगाऊ रक्कम थोडी घेतात. पुण्यात अशा वाचनाला जे द्यावे लागते त्याहून हा दर कमी आहे, पण तो स्वस्त नाही, आणि नसावाही. ज्यांचा पहिलाच खर्डा तयार आहे त्यांनी येथे पैसे घालवू नयेत. बाई तसा खर्डा बहुतेक वेळा परतच करतात. लेखकाने स्वतः एकदा पूर्ण पुनर्लेखन केल्याशिवाय शंका काढण्यात अर्थ नाही, कारण निम्म्या शंका त्याला स्वतःलाच सुचल्या असत्या, असे त्यांचे म्हणणे आहे. निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहिलेल्या एका गृहस्थांना हा नकार अपमानासारखा वाटला आणि त्यांनी गावात बरेच बोलून दाखवले. पुढे ते दुसरा खर्डा घेऊन आले आणि हल्ली बैठकीत सर्वांत आधी येऊन बसतात.

ज्यांच्या लेखनात इतिहास, स्थळ, काळ, पीकपाणी, रेल्वे, कायदा यांपैकी काहीही तपशिलाने येते, अशा सातारा-सांगली भागातील लेखकांनी संहितावाचनासाठी येथे अवश्य जावे. जाताना मूळ कागदपत्रांच्या छायाप्रती सोबत न्याव्यात, कारण बाई त्या मागतातच. फाइल युनिकोडमध्ये असावी, आणि कोणती पाने बोलीत आहेत याची यादी पहिल्या पानावर जोडावी. कवितासंग्रह तेथे घेतले जात नाहीत. राजपथावर संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणे कठीण असल्यामुळे बैठकीला चालत गेलेले बरे, आणि वाड्याचा जिना अंधारा आहे.